ओठ थरथरतो, पाय लटपटतात : इंग्रजीत नेताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या भाषांतराचा पहिला मसुदा वाचून झाला. गोष्टी तू मनापासून निवडल्या आहेस आणि संवाद तर फारच छान उतरलेत. गावाकडची माणसं इंग्रजीत बोलतानाही तीच वाटतात, हे सोपं काम नाही. बाकीच्या खुणा मी समासात केल्या आहेत. हे पत्र एकाच गोष्टीसाठी लिहितेय, कारण ती समासात मावणारी नाही. तुझ्याकडे जे जे कापतं, हलतं, हादरतं, ते सगळं 'शिव्हर' होतं. म्हातारीचा ओठ शिव्हर होतो, तापलेलं पोर शिव्हर होतं, पाटलासमोर उभा असलेला गडी शिव्हर होतो, एके ठिकाणी तर एसटीसुद्धा. मूळ मराठीत लेखकानं दर ठिकाणी निराळा शब्द वापरलाय. ओठ थरथरतो, पोराला हुडहुडी भरते, गड्याचे पाय लटपटतात, एसटी खडखडते. इतक्या नेमकेपणानं निवडलेले चार शब्द पलीकडे जाऊन एकच झाले, याचं मला वाईट वाटलं. इंग्रजीकडे शब्दांची वानवा असती तर गोष्ट वेगळी. तिथं तर याबाबतीत रेलचेल आहे.

इंग्रजी-मराठी कोशात यातल्या बहुतेक शब्दांपुढे 'थरथरणे, कापणे' एवढंच असतं आणि घोळ तिथंच सुरू होतो. अर्थ सारखा दिसला तरी प्रत्येक शब्दाची जागा ठरलेली आहे. इंग्रजी वाक्य लिहिताना आधी बघायचं, हलतंय काय. मग बघायचं, हालचाल केवढी आहे आणि किती वेळ चाललीय. कशामुळे हलतंय हे त्यानंतर, आणि ते बहुतेक वेळा 'विथ' लावून सांगता येतं: विथ कोल्ड, विथ रेज, विथ लाफ्टर. 'शिव्हर' आणि 'शडर' हे दोन शब्द मात्र कारण पोटात घेऊनच येतात. तू नेमका त्यातलाच एक सगळीकडे वापरलास, म्हणून गडबड जास्त जाणवते.

'शेक' हा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत साधा. जमीन, घर, हात, आवाज, झाड, औषधाची बाटली, काहीही शेक होतं, आणि दुसऱ्याला हलवायचं असेल तरी हाच शब्द. तुझ्या चौथ्या गोष्टीत बाप झोपलेल्या पोराला गदगदा हलवतो, तिथं 'शुक' याखेरीज काही चालणार नाही. 'ट्रेंबल' दुसऱ्याला करता येत नाही. ते आपलं आपल्याला होतं. ते बारीक असतं आणि बहुधा आतून येतं: भीतीनं, रागानं, आनंदानं, अशक्तपणानं. हात कापत असतील तर दोन्ही शब्द लागू पडतात, पण चित्र बदलतं. 'हिज हँड्स शुक' म्हटलं की कपातला चहा बशीत सांडतोय. 'हिज हँड्स ट्रेंबल्ड' म्हटलं की ते शेजारी बसलेल्यालाच दिसतंय. गोष्टीत चहा सांडलाय का, हे आधी बघ.

'शिव्हर' मुळात थंडीचा. भीतीचाही चालतो, आनंदाचाही चालतो. गाणं ऐकून अंगावर शहारा येतो तेव्हा इंग्रजीत तो 'शिव्हर' पाठीच्या कण्यावरून खाली जातो. पण तो अंगभर असतो. नुसता ओठ शिव्हर झाला म्हटलं, तर वाचणाऱ्याला वाटतं म्हातारीला थंडी वाजतेय. 'शडर' म्हणजे एकच मोठी शिरशिरी: किळस येते, धसका बसतो, काहीतरी भयंकर आठवतं आणि सगळं अंग एकदा हलून जातं. तासभर कुणी शडर होत नाही. यंत्रालाही तो शोभतो. तुझी एसटी गचके खात थांबते तिथं 'शडर्ड टू अ हॉल्ट' अगदी चपखल बसेल. ती चालताना खडखडते ते मात्र 'रॅटल', कारण तिथं हालचालीपेक्षा आवाज महत्त्वाचा आहे आणि लेखकानंही आवाजाचाच शब्द घेतलाय.

आता म्हातारीचं वाक्य जरा जवळून बघू. मूळ असं आहे: 'म्हातारीचा ओठ नुसता थरथरला. शब्द फुटला नाही.' तू लिहिलंस: 'दि ओल्ड वुमन्स लिप्स वेअर शिव्हरिंग. शी कुड नॉट अटर अ वर्ड.' एकट्या ओठासाठी, नाकपुडीसाठी, हनुवटीसाठी, निशाणात रुतून अजून हलत असलेल्या बाणासाठी इंग्रजीत 'क्विव्हर' आहे. छोटी, ताणलेली वस्तू जलद थरथरते ती क्विव्हर होते. (बाणांचा भाता म्हणजेही 'क्विव्हर', स्पेलिंगही तेच, पण तो शब्द निराळा, वाचताना फसू नकोस.) शिवाय मराठीत ओठ एकच आहे आणि तो एकदाच थरथरलाय. 'वेअर शिव्हरिंग' लिहिल्यानं ती हालचाल लांबत गेली. माझ्या मते इतकंच पुरे: 'दि ओल्ड वुमन्स लिप क्विव्हर्ड. नो वर्ड केम.' 'नुसता' साठी वेगळा शब्द शोधू नकोस. दुसरं वाक्य आखूड ठेवलं की तो आपोआप ऐकू येतो.

याच म्हातारीचा आवाज पुढच्या पानावर कापतो. आवाजासाठी 'शेक' आणि 'ट्रेंबल' आहेतच, पण खास आवाजाचा म्हणून 'क्वेव्हर' आहे. म्हातारपणानं किंवा रडू दाबल्यानं वर-खाली होणारा आवाज तो. इंग्लंडमध्ये संगीत शिकणारी मुलं हाच शब्द स्वरलिपीत शिकतात. पूर्ण स्वराच्या एक अष्टमांश लांबीच्या स्वराला ते 'क्वेव्हर' म्हणतात. गवयाची गोष्ट करशील तेव्हा एवढं लक्षात ठेव की दरबारी रागातल्या कोमल गंधाराचं आंदोलन यातल्या कुठल्याच शब्दात बसत नाही. पाश्चात्त्य संगीतातल्या 'व्हायब्रॅटो' मध्ये स्वराची उंची झपाट्यानं हलते, आपला गंधार सावकाश झुलतो. तिथं 'आंदोलन' तसाच ठेव आणि वाक्यातच त्याचा झोका दाखव.

गड्याचं काय करायचं? पाय लटपटण्याला इंग्रजीत एक क्रियापद मिळणार नाही. गुडघे एकमेकांवर आपटतात, 'नॉक' होतात; पाय 'गिव्ह वे' होतात, म्हणजे साथ सोडतात; किंवा पाय 'अनस्टेडी' असतात. तुझ्या गोष्टीत तो पडत नाही, तोल सांभाळून उभा राहतो, म्हणून मी 'हिज लेग्ज शुक अंडर हिम' घेईन. 'क्वेक' घेऊ नकोस. 'क्वेकिंग इन हिज बूट्स' म्हटलं की इंग्रजी वाचकाला त्या माणसाची थोडी थट्टा चाललीय असं वाटतं, आणि लेखकाच्या मनात त्या गड्याबद्दल थट्टा नाही, माया आहे.

'क्वेक' या शब्दाला मोठा इतिहास आहे. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स नावाचा धर्मोपदेशक लोकांना 'देवाच्या शब्दापुढे कापा' असं सांगत असे. त्यानं स्वतः लिहून ठेवलंय की १६५० साली डर्बीच्या एका न्यायाधीशानं त्यावरून त्याच्या लोकांना पहिल्यांदा 'क्वेकर' म्हणून हिणवलं. हिणवणारं नाव टिकलं आणि पुढे त्या पंथानं ते सन्मानानं मिरवलं. पुढच्या शतकात मँचेस्टरकडे उपासनेत अंग घुसळून नाचणारी मंडळी निघाली, त्यांना 'शेकिंग क्वेकर्स' आणि मग नुसतं 'शेकर्स' नाव पडलं. दोन नावांतला फरक बघ. क्वेकर आतल्या भीतीनं कापणारे, शेकर देह हलवणारे.

आता तापाच्या पोराकडे येऊ. तिथं तुझा 'शिव्हर' बरोबर आहे, आणि का बरोबर आहे हे कळलं की शब्द पक्का बसेल. थंडीत स्नायू भराभर आकसतात आणि सैल होतात, त्यातून उष्णता तयार होते. ताप चढताना मेंदू शरीराचं तापमान वरच्या अंकावर लावतो, म्हणून अंग गरम असूनही गार वाटतं आणि स्नायू तेच काम सुरू करतात. आपल्याकडे थंडीत कुडकुडणं वेगळं आणि तापाची हुडहुडी वेगळी. इंग्रजीत दोन्हींना शिव्हरच, कारण शरीर दोन्हीकडे एकच करत असतं. फक्त हुडहुडीचा जोर दाखवायला 'अ फिट ऑफ शिव्हरिंग' कर. डॉक्टर लोक मलेरियाच्या केसपेपरवर 'चिल्स विथ रायगर्स' लिहितात ते हेच, पण गोष्टीतली आई तसं म्हणणार नाही. तिथंच 'दात वाजत होते' आहे. ते 'टीथ वेअर चॅटरिंग'. 'साउंडिंग' नको.

आजोबांच्या गोष्टीत चूक शब्दापेक्षा मोठी आहे, म्हणून जरा थांब. लेखक लिहितो की मांडीवर ठेवलेला हात कापत राहायचा आणि चुन्याची डबी उघडायला घेतली की थांबायचा. तू ते 'हिज हँड्स ऑल्वेज शिव्हर्ड' असं सपाट केलंस. लेखकानं हे डोळ्यांनी बघितलेलं आहे. कंपवातात हात बहुधा असाच वागतो: स्वस्थ असताना कापतो, कामाला लागला की पुष्कळदा कंप कमी होतो. डॉक्टर त्याला 'रेस्टिंग ट्रेमर' म्हणतात. दुसऱ्या एका प्रकारात उलट होतं. कप उचलला, सही करायला घेतली, की हात कापायला लागतो. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी कंपवाताचं वर्णन 'शेकिंग पाल्सी' या नावानं केलं. 'पाल्सी' म्हणजे लुळेपणा. हात हलतोही आणि दुबळाही होतो, हे दोन्ही त्या जुन्या नावात आहे. आजोबांना कंपवात आहे असं लेखक कुठंही सांगत नाही, नुसती डबी दाखवतो. तूही रोगाचं नाव घालू नकोस. 'अ ट्रेमर इन द हँड दॅट लेट गो व्हेन ही रीच्ड फॉर द लाइम बॉक्स' असं काहीतरी जुळव. 'ट्रेमर' हे नाम आहे, क्रियापद नाही. हात ट्रेमर होत नाही, हाताला ट्रेमर असतो.

किल्लारीच्या गोष्टीत हाच 'ट्रेमर' तू मुख्य भूकंपाला लावलायस. तो फार दुबळा पडतो. इंग्रजी बातमीत 'ट्रेमर' म्हणजे सौम्य धक्का. कोयना परिसरात असे धक्के बसले की आपल्याकडचे इंग्रजी पेपर हाच शब्द वापरतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला झाला तो 'अर्थक्वेक', आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला झाला तोही 'अर्थक्वेक'. 'क्वेक' हे त्याचं मथळ्यातलं रूप. आखूड म्हणून पेपरवाल्यांना सोयीचं, पण गोष्टीच्या अंगात ते बातमीसारखं वाटतं. नंतरचे धक्के 'आफ्टरशॉक्स'. जमीन हादरली याला 'द ग्राउंड शुक' इतकं साधं लिहायला बिचकू नकोस. भूकंपशास्त्रज्ञही जमिनीच्या हालण्याला 'शेकिंग' च म्हणतात, आणि एखाद्या ठिकाणी ती किती हलली यावरून त्या ठिकाणची तीव्रता ठरवतात.

त्या गोष्टीत लेखक हादऱ्यावर एकच वाक्य खर्च करतो आणि मग पान भरून भिंतींबद्दल लिहितो. तसंच व्हायला हवं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, लोक विसर्जन करून उशिरा झोपले होते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचा जड माळवद. माणसं त्याखाली गेली. तू भिंतींना 'ट्रेंबल' केलंस, छताला 'शिव्हर' केलंस, आणि त्या पानावर नको असलेली नाजूकता आली. दगडी भिंत फुगते, फाटते, ढासळते. तिथं थरथरीचा एकही शब्द ठेवू नकोस.

त्याच गोष्टीच्या शेवटी 'सगळा महाराष्ट्र हादरला' असं वाक्य आहे. इंग्रजीत 'शुक' चालेल, 'रॉक्ड' नको. 'रॉक्ड' वर घोटाळ्यांच्या मथळ्यांचा थर बसलाय. वाचलेल्या माणसांसाठी 'शेकन' वापरतात, म्हणजे मनातून हादरलेला. 'शेकी' मात्र भरवसा नसलेला, डळमळीत. 'शेकन विटनेस' म्हणजे हबकलेला साक्षीदार, 'शेकी विटनेस' म्हणजे कोर्टात टिकेल की नाही अशी शंका असलेला. तुझ्या सरपंचाला तू 'शेकी' म्हटलंयस, ते आधी बदल.

आता मान. हा मुद्दा मी सगळ्याच मराठी भाषांतरकारांना सांगत असते. 'त्यानं मान हलवली' हे मराठीत होकारासाठीही येतं, नकारासाठीही येतं, आणि कधी नुसतं 'ऐकतोय' एवढ्यासाठीही. इंग्रजीत 'शुक हिज हेड' म्हणजे नकार, ठाम. होकाराला 'नॉडेड'. तुझ्या दुसऱ्या गोष्टीत मुलीला पसंत करताना मामा मान हलवतो आणि तू 'शुक हिज हेड' लिहिलंस; इंग्रजी वाचकाच्या लेखी लग्न तिथंच मोडलं. प्रत्येक मान हलवण्याशी थांब आणि पुढचं वाक्य वाचून ठरव. जिथं लेखकानंच संदिग्धता ठेवली असेल तिथं बाहेरचे लोक ज्याला 'हेड वॉबल' म्हणतात ते लिहिण्याचा मोह होईल. तो टाळ. त्या शब्दात आपल्याकडे बाहेरून बघणारा डोळा आहे. 'ही मूव्ह्ड हिज हेड' साधं आहे, आणि संदिग्ध ते संदिग्धच राहतं.

मराठीत आपण 'थरथर कापू लागला' म्हणतो. त्यात कापणं दोनदा आहे आणि 'लागला' वेगळं. इंग्रजीत 'स्टार्टेड टू शेक अँड ट्रेंबल' लिहिलं की ते पाघळतं. 'ट्रेंबल्ड' एकटा पुरतो. आपण दुहेरी शब्दांनी पुनरावृत्ती दाखवतो: थरथर, लटलट, डुगडुग, फडफड. इंग्रजीत ती पुनरावृत्ती पुष्कळदा शब्दाच्या शेपटीत असते. फ्लिकर, फ्लटर, क्विव्हर यांतला शेवटचा 'र', किंवा वॉबल, जिगल यांतला शेवटचा 'ल', पुन्हा पुन्हा घडणारी बारीक हालचाल सांगतो. म्हणून डुगडुगणाऱ्या टेबलाला 'वॉबल' इतका सहज बसतो. २००० सालच्या जूनमध्ये लंडनमध्ये थेम्सवर नवा पादचारी पूल उघडला, लोक चालायला लागले तसा तो बाजूबाजूला झुलू लागला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. अभियंते त्याला 'स्वे' म्हणत होते, गावानं त्याला 'वॉबली ब्रिज' हेच नाव दिलं.

पानांसाठी तू विचारलं होतंस. इंग्रजीत 'ॲस्पेनच्या पानासारखं कापणं' ही जुनी म्हण आहे. ॲस्पेनच्या पानाचा देठ चपटा असतो, त्यामुळे वाऱ्याची झुळूक आली तरी पान हलतं. त्याच्या शास्त्रीय नावातही 'ट्रेम्युला' आहे. आपल्याकडे तेच काम पिंपळ करतो. लांब, बारीक देठामुळे त्याचं पान सतत हलतं, आणि संस्कृतात त्याला 'चलदल' म्हणतात ते उगीच नाही. 'पिंपळपानासारखी कापत होती' हे वाक्य ॲस्पेनवर नेऊ नकोस. पिंपळ पारावरचा आहे, त्या पारावर पुढे पंचायत बसणार आहे. 'लाइक अ पीपल लीफ' ठेव. झाड ओळखीचं नसलं तरी पान हलतंय हे वाचकाला कळतं.

कामाची रीत म्हणून एक सांगते. आधी मराठी शब्द मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात बघ. १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठानं इंटरनेटवर ठेवली आहे. त्या काळच्या बोलीतले बारीक फरक तिथं इंग्रजीत उलगडून सांगितलेले मिळतात. पण तिथला इंग्रजी शब्द जसाच्या तसा उचलू नकोस, तो दीडशे वर्षांपूर्वीचा आहे. मग आजच्या इंग्रजीच्या एखाद्या मोठ्या कॉर्पसमध्ये, म्हणजे लोकांनी खरोखर वापरलेल्या भाषेच्या संग्रहात, ओठ, हात, आवाज, भिंत अशी नामं टाकून त्यांच्या शेजारी कुठलं क्रियापद येतं ते बघ. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये दहा कोटी शब्दांचा मजकूर आहे. तुझ्या शंका तिथं पटकन फिटतील. क्रियापद टाकून नाम शोधू नकोस. नामाकडून क्रियापदाकडे जा, कारण गोष्टीत तुझ्यापुढे आधी ओठ असतो.

किल्लारीची गोष्ट पुन्हा करून आधी तीच पाठव. मामाच्या मान हलवण्याचं काय ठरवलंस तेही कळव; तिथं 'नॉडेड' की 'मूव्ह्ड', याबद्दल माझं मत अजून पक्कं नाही, आणि तुझं ऐकायला मला आवडेल.

तुझी,
मावशी